नाली वरून येते

बुलढाणा, १८ जानेवारी

प्रिय माय,

जय भीम. तू गेल्यावर तुझं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी एक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर आजच. इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. आज एक गोष्ट चैन पडू देत नाही, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

मी पुन्हा कॉलेजात जाते. त्रेचाळिसाव्या वर्षी समाजकार्याला प्रवेश घेतला. दिवसा वर्ग, संध्याकाळी शिकवण्या. वर्गातली पोरं मला ताई म्हणतात आणि डब्यातली चटणी मला उरू देत नाहीत. सामाजिक न्याय नावाचा एक पेपर आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्याचा बी पेपर असते काय वं?"

कॉलेजचं यंदाचं शिबिर आपल्या सोनाळ्यात ठरलं. मी तिथली, म्हणून पहिल्या दिवसाची आखणी माझ्याकडे. सर म्हणाले, "तुमच्या वस्तीतली नालीसफाई घेऊ. तिथले लोक सहकार्य करतात." मी हो म्हणाले. तेव्हापासून घरभर नुसती फिरते आहे.

माझ्या लहानपणीही शिबिरं यायची, आठवतं? पोरं येणार त्या सकाळी तू उजाडायच्या आत झाडू घेऊन निघायचीस, शेजारच्या बायांना हाका मारायचीस. "पाव्हणे येऊन राह्यले. त्याहीले घाण दाखवाव काय?" मग पोरांना झाडायला काही उरायचंच नाही. ती झाडलेल्या रस्त्यावर पुन्हा झाडू फिरवायची, फोटो काढायची, तुझा चहा पिऊन जायची. आणि नाली आठवड्यात पुन्हा तुंबायची, कारण ती वरच्या आळीतून येते आणि तिथला गाळ आपल्या दारात येऊन थांबतो. वरच्या आळीत शिबिर कधी गेलं नाही. इतका चहा पाजलास, मग एवढी गोष्ट का नाही सांगितलीस त्यांना?

काल दादाला फोन केला. म्हटलं, यंदा सफाई वरच्या आळीपासून सुरू करू या का?

"काऊन वाकड्यात शिरतं वं?" तो म्हणाला. "तू त बुलढाण्याले राह्यतं. मले रोज त्याईच्या दारावरून जा लागते. वावर बी त्याईचंच बटईनं केलं हाय. उद्या काढून घेतलं, त तुह्या सरले मांगू काय वावर?"

मागून वहिनीचा आवाज आला, "वरूनच काढा म्हना. खालून काढू काढू माह्यी कंबर गेली."

"तू चूप बस."

"हाव, बसते चूप. मंग उद्यापासून नाली तुमीच काढा."

दादाचं खोटं नाही. मी वर्गात शाबासकी मिळवायची आणि अर्ध्या वाट्यानं कसायला घेतलेलं वावर त्याचं जायचं, हा कुठला न्याय? पण गप्प राहिले, तर मीच पोरांच्या हाती झाडू देऊन त्यांना आपल्या दारात उभं करणार. शिवाय मला न्यायाची चाड आहे, की फक्त सरांना चूक ठरवायचं आहे? हे माझं मलाही नीट सांगता येत नाही.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं. तेव्हा बाबाही वरच्या आळीचंच वावर करत होते ना? म्हणून चहा देऊन गप्प राहायचीस? तसं असेल तर तुझ्यावरचा राग मागे घेते. सगळा नाही, थोडा.

तुला एवढा शब्द देते. वस्तीतली सफाई मी आखणार नाही, मार्कांचं काय व्हायचं ते होवो. वरच्या आळीत सरपंचांकडे मी जाईन, माझ्या नावाने, दादाला पुढे न करता. पण त्याला अंधारात ठेवूनही जाणार नाही. त्याच्यासमोर बसून विचारीन. तो नको म्हणाला तर काय करीन, ते आज मला माहीत नाही.

तुझी,
बेबी

उद्या : पहिल्या गाडीने सोनाळा, आधी दादाचं घर.