विमानाच्या नाकावरची विभूती

चाकूर,
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप रामलिंगमामांना मल्लेशचा शिरसाष्टांग नमस्कार (शब्द तपासून घेतला आहे). तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि घरी आलेले पाहुणे, सगळं ठीक असावं. इकडे मी ठीक नाही.

उदगीरला दामिनीला पाहायला गेलो तेव्हाचं तुम्हाला अर्धवट कळलं असेल, म्हणून पूर्ण लिहितो. तिच्या आजीने, रत्नम्मांनी, "पोरगं काय करतंय?" असं विचारलं आणि मी घाबरून, कापडदुकानाचं सांगायचं सोडून, "विमानं करतो" म्हणालो. छोटी, प्लास्टिकची, हे सांगेपर्यंत म्हातारी ताठ बसली होती. त्यांचे मालक ब्रह्मदेशाच्या लढाईत विमानांचे फिटर होते. पण ज्या बॉम्बरच्या गोष्टी ते जन्मभर सांगत, त्याचं नाव उदगिरात कुणीच ऐकलेलं नाही. त्यामुळे सगळे त्यांना थापाड्याच समजत आले. रत्नम्मा म्हणाल्या, "तेच करून दाखव. मग सुपारी फोडू."

विमानाचं नाव व्हल्टी व्हेन्जन्स (दोन्ही न अर्धे). अर्थ सूड. ऐंशी वर्षांनी तो माझ्यावर उगवला आहे. हैदराबादहून खोकं मागवलं. सूचना इंग्रजीत, माझं शिक्षण दहावीपर्यंत, तेव्हा एकेक शब्द शब्दकोशात पाहून एकेक तुकडा चिकटवला. या विमानाचे पंख मुळातच वाकडे आहेत, अंगाजवळ मागे झुकलेले आणि पुढे सरळ (यात माझा दोष नाही, कारखान्याचा आहे). आप्पांनी ते पाहिले. "मल्ल्या, पंखं वाकडे लागलेत की रे. म्या सरळ केलेत." मेणबत्तीवर धरून! आता ते बॉम्बर नसून दुकानातला कापड मोजायचा गज वाटतो. दुसरं खोकं मागवलं, पुन्हा वाकडे पंख बसवले आणि आप्पांच्या हाती लागू नये म्हणून विमान देवघरात लपवलं. तिथेच चुकलो. खंडेनवमीला आईने विळा, कात्री आणि गजाच्या रांगेत त्यालाही पुजलं. नाकावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, चाकाखाली लिंबू. लिंबू फुटावं म्हणून वरून दाबलं. लिंबू शाबूत, डावं चाक फुटलं. "हत्यारच हाय न्हवं?" म्हणाली. विभूती थिनरने पुसली तर खालचा रंगही निघाला. मग मी आईला जे बोललो ते इथे लिहीत नाही (तुम्हाला कळलं असेलच). रविवारी रत्नम्मा येणार आहेत. मामा, माझं लग्न काही होत नाही.

तुमचा भाचा,
मल्लेश

ता. क. चाक बसवलं, रंग परत दिला. विमान अगदी खोक्यावरच्या चित्रासारखं झालं. दामिनीने फोटो मागवून आजीला दाखवला. रत्नम्मा म्हणाल्या, "हे न्हवं. आमचे मालक इभूती लावल्याबिगर इमान सोडत नव्हते. नाक कोरं कसं?"

दुसरा ता. क. मी पट्टे ओढून पाहिले. पट्टीने आखल्यासारखे येतात. आईच्या बोटांसारखे येत नाहीत. तेव्हा तुमच्याकडे आलेल्या पाहुणीला शनिवारी चाकूरच्या गाडीत बसवून द्या. मी बोललो ते चुकलंच, हे तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. फोन केला नाही, कारण तुमच्या फोनचा स्पीकर बंद होत नाही आणि ती शेजारीच बसलेली असणार. पत्र कंडक्टरच्या हाती देतो आहे.

तिसरा ता. क. शनिवार नको, उद्याच पाठवा. आप्पा मेणबत्ती शोधताहेत.