एका वजा चिन्हाची माफी

६ जुलै १९८१
बंधाऱ्याखालून पाणी किती झिरपेल, याचा प्रोग्रॅम मी करणार. त्यात कॉम्प्लेक्स संख्येचा आर्कसाइन लागतो. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत तो तयार मिळत नाही. लॉग आणि स्क्वेअर रूट जोडून आपणच बनवायचा. लक्ष्मणराव साहेबांना म्हणालो, तीन दिवसांत देतो. अख्ख्या भंडाऱ्यात हे जमणारा दुसरा माणूस नाही.

९ जुलै
दिला. पुन्हा तपासला नाही. गरजच काय?
उषाबाईंनी माझा कागद बघून कॉम्प्युटरची कार्डं पंच केली. बाई अजून प्रोबेशनवर आहेत, पण काम चोख.

१४ जुलै
नागपूरच्या कॉम्प्युटरवरून उत्तर आलं. पाणी खालच्या बाजूनं उलटं बंधाऱ्याकडे झिरपतंय! ऑफिसभर हशा. साहेबांनी विचारलं, हे कसं काय? माझ्या तोंडून निघालं, पंचिंगची चूक असेल.
'असेल' म्हणालो. 'आहे' नाही.

१५ जुलै, सकाळी ११
माझाच कागद काढून पाहिला. लॉगच्या आधीचं वजा चिन्ह मी लिहिलेलंच नाही.
साहेबांना सांगणं, उद्याचं पहिलं काम.

१६ जुलै
साहेब दौऱ्यावर.

१७ जुलै
साहेब आले. मूड बरा नव्हता.
वजा घालून नवा कागद केला, उषाबाईंना पुन्हा पंच करायला दिला. जुना फाडला, ठेवून गोंधळ वाढतो. उषाबाई म्हणाल्या, सर, मी तं जसं दिसलं तसंच पंच केलं होतं, मंग चुकलं काहून? म्हणालो, बघू.

२२ जुलै
उत्तर बरोबर. पाणी सरळ. साहेबांनी माझी पाठ थोपटली.
उषाबाईंना मेमो. नोकरीत कायम होणं सहा महिने पुढे गेलं.
जेवण गेलं नाही. लेखीच देतो. तोंडी मला नीट मांडता येत नाही.

२४ जुलै
अर्ज तीनदा लिहिला, तीनदा फाडला. भाषा जमत नाही.

२७ जुलै
चौथा अर्ज खिशात घालून केबिनपर्यंत गेलो. दारातच उषाबाई. माफीनामा देऊन बाहेर येत होत्या. म्हणाल्या, सर, माझ्यानंच ते वजा सुटलं असन. माझ्यापायी तुमची फजिती झाली, मनात ठेवू नका. डोळे भरून आले होते.
काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, जाऊ द्या बाई, होतं असं कधी कधी.
मी त्यांना माफ केलं.