पाच बोटांना पाच रंग

सौ. शालू हिस लालासाहेबाकडून पुष्कळ आशीर्वाद. (पलटणीतून लिहायचो तेव्हाही असंच सुरू करायचो. आज 'प्रिय' लिहावं असं मनात आलं होतं, पण हे पाकीट तुझ्याआधी सूनबाईच्या हातात पडायचं, तेव्हा नेहमीचंच बरं.) तुझा गुडघा काय म्हणतोय? बेंगलोरची थंडी त्याला मानवत नसेल, तर तीळतेल कोमट करून लाव, शिवांजली देईल ते मलम लावू नकोस, म्हणजे लाव, पण वरून तेल लाव. पृथ्वीराजला दात आले का? विश्वजीत ऑफिसातून उजेडी घरी येतो का? माझी तब्येत उत्तम आहे. थोडा खोकला आहे, पण तो जुना आहे, आता त्याच्याशीच बोलणं होतं म्हणायचं.

तू म्हणशील, रोज फोन असताना हे पत्र कशाला. पण फोनवर आपलं बोलणं होतं कुठं? शिवांजली फोन धरते, पृथ्वीराज मधेच हात घालतो, मग फोन आडवा होतो आणि मला तुमच्या हॉलचा पंखा दिसत राहतो. तो पंखा आता माझ्या चांगला ओळखीचा झाला आहे. (एका पात्यावर धूळ आहे, विश्वजीतला पुसायला सांग.) शेवटी पंख्याआडून तू 'जेवलासा का?' विचारतेस, मी 'व्हय' म्हणतो आणि फोन बंद होतो. बाकी सगळं सांगायचं राहतं. म्हणून कागद घेतला.

तर झालं असं. पंधरवड्यामागं एका रविवारी फोनवर तू पदर सारखा केलास, तेव्हा मला तुझी नखं दिसली. लालभडक. मी म्हटलं चूल सोडून गेलीस तरी भाजलं की काय. तू लगेच हात पदराखाली घातलास आणि शिवांजली हसून म्हणाली, 'आईंना मी लावली नेलपॉलिश.' तू तोंड फिरवून म्हणालीस, 'कशाची टिकतीय आवं, बाटल्या-भांड्यात दोन दिवसांत निघून जाती.' एवढंच बोलणं झालं, मग पंखा आला. पण शालू, तुझा हात चांगला दिसत होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण फोन सूनबाईनं धरला होता आणि सासऱ्यानं असलं बोलायचं म्हणजे अवघड. मग मला दोन दिवस एकच विचार. तू तिकडं गेल्यापासून स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नाहीस आणि आता एक गोष्ट हौसेची लावलीस, ती टिकत नाही. तेव्हा टिकणारी शोधायची आणि पाठवायची. रिकामं बसण्यापेक्षा बरं.

मंगळवारी एसटीनं रहिमतपूरला गेलो. पेठेत साक्षीचं लेडीज शॉपी म्हणून दुकान आहे, बांगड्या, पिना, क्लिपा असलं सगळं. (साक्षी म्हणजे पोस्टमनची धाकटी सून. तिच्या बारशाला, म्हणजे लग्नाला, आपण गेलो होतो. बारसं तिच्या मुलाचं.) मी आत शिरल्यावर दोन बायका बाहेर गेल्या. मी म्हटलं, नेलपॉलिश दाखव. ती म्हणाली, 'शेड कुठली देऊ, काका?' मी म्हटलं, लाल. तर तिनं लालचाच खोका पुढं ठेवला. त्यात मरून, चेरी, वीटकरी, डाळिंबी, वाईन. पलटणीत आम्हाला हिरवा म्हणजे हिरवा, एवढंच ठाऊक. मग म्हणाली, 'फिनिश कसला पायजे? ग्लॉसी, मॅट का ग्लिटर?' ग्लॉसी म्हणजे तेल लावल्यासारखी चकचकीत, मॅट म्हणजे सारवल्यासारखी कोरडी आणि ग्लिटर म्हणजे आत चमकी घातलेली. हे मला कळेपर्यंत दुकानात चिंतामण सरांच्या मिसेस येऊन उभ्या राहिल्या, आणि नेमकी तेव्हाच साक्षी मोठ्यानं म्हणाली, 'का न्यूड देऊ, काका? सध्या लय चालतीय.'

शालू, मी दारापर्यंत मागं सरलो. चिंतामण सर आपल्या शाळेचे हेडमास्तर, त्यांच्या घरी आता काय गेलं असेल? नंतर कळलं की न्यूड म्हणजे अंगाच्या रंगाची नेलपॉलिश. नखाला नखाचाच रंग द्यायचा, हे रानाला मातीचा रंग दिल्यासारखं आहे. पण ती बाटलीही घेतली, कारण न घेता निघालो असतो तर मी काय समजलो होतो ते सरांच्या मिसेसना कळलं असतं. मरून ग्लॉसी, वीटकरी मॅट, वाईन शिमर (म्हणजे मोत्यासारखी, ग्लिटरची सोज्वळ बहीण), सोनेरी ग्लिटर आणि ही न्यूड, अशा बाटल्या घेऊन शेवटी विचारलं, यातली टिकते कुठली? साक्षी म्हणाली, 'ते लावणाऱ्याच्या हातावर हाय, काका.' दुकानदारानं असं उत्तर दिलं म्हणजे आपणच चाचणी घ्यायची. फौजेत बूट आले तरी आधी चार जवानांना घालायला लावून महिनाभर पळवायचे, मग बाकीच्यांना वाटायचे. इथं जवान एकच होता. म्हणून उजव्या हाताच्या पाच बोटांना पाच रंग लावायचं ठरवलं. उजवा अशासाठी, की कामाला तोच पुढं.

पण उजव्या हाताला लावायचं तर डाव्या हातानं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तुझ्या देवघराजवळच्या खिडकीत बसलो. पहिल्या फटक्यात अंगठा पेरापर्यंत शेंदूर लावलेल्या म्हसोबासारखा झाला. वास तर असा, की मला वाटलं फवारणीच करतोय. लावून झाल्यावर बोटं फाकून बसायचं, वाळेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. तेवढ्यात फोन वाजला. तुझाच असेल म्हणून डाव्या हातानं घाईनं उचलला, तर कुठल्याशा कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई, कर्ज घ्या म्हणत होती. मला कर्ज नको होतं. पण ती 'नमस्कार, कसे आहात आपण?' असं इतक्या मायेनं म्हणाली, की मी 'बरा हाय' म्हणालो आणि तिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. (शिवांजलीला हे वाचून दाखवू नकोस.)

चाचणीचं म्हणशील तर आठवडाभर रंग हलायला तयार नाही. मॅटवर हळदीचा डाग तेवढा बसला, तो जाईना. न्यूड आहे का गेली हे मलाच कळेना, दर सकाळी चष्मा लावून बघावं लागे. ग्लिटर तर पालीसारखी चिकटली, शर्टाच्या काजात बोट घातलं की धागा ओढून आणायची. मरून मात्र जशीच्या तशी, देखणी. मी म्हटलं, वा, सगळ्याच टिकाऊ निघाल्या, दुकानदारीण खरी आहे. आणि त्याच आनंदात मी विसरलो, की चिंतामण सरांनी यंदा सव्वीस जानेवारीचा झेंडा माझ्या हस्ते ठेवलाय.

आदल्या सांजेला आठवलं. नेलपॉलिश काढायला वेगळी बाटली मिळते हे मला कोण सांगणार? रॉकेल हल्ली मिळत नाही. फवारणी पंपातलं पेट्रोल लावलं, लिंबू चोळलं, विळीनं खरवडलं. अंगठ्याचं कातडं निघालं, रंग राहिला. मग तुझी ट्रंक उपसून पांढरे हातमोजे शोधले. (कुठं ठेवलेस? त्यात तुझं हिरवं पातळ निघालं. ते परत घडी घालायला मला जमलं नाही, खुर्चीवर ठेवलंय. आहे तिथंच.) शेवटी मनाशी हिशेब केला की आपला सॅल्यूट तळहात पुढं करून असतो, समोरच्यांना नखं दिसायची नाहीत. सकाळी कडक इस्त्री, छातीवर मेडलं, मूठ मिटून शाळेत हजर.

पोरं समोर उभी, तिथवर बरोबर होतं. पण यंदा सरांनी मंडप घालून गावाला माझ्या पाठीशी बसवलं होतं. दोरी ओढली, झेंडा फडकला, मी सॅल्यूट ठोकला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. ऊन नेमकं माझ्या बोटांवर. मागं बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाल्यासारखी वाटली, मग ती थांबली, कारण राष्ट्रगीत. हात खाली आणावा असं एकदाही मनात आलं नाही, हे मात्र खरं सांगतो. झेंड्यापुढं हात असा तसा खाली येत नाही, त्याला रंग असो नसो.

पोरांना जिलेबी वाटायला लागले तसा आकाराम आला. आपला मशिनगनवाला आकाराम, त्याला हळू बोलता येत नाही. कान फौजेतच गेलेत.

'लाला, बोटांस्नी काय झालंय रं?'

'नेलपॉलिश हाय.'

'ते दिसतंय. पर का?'

सगळा मंडप कान टवकारून होता. काहीतरी औषध आहे म्हणून सांगता आलं असतं. सुचलंही होतं. पण मला त्या वेळी लाजायचा कंटाळा आला, शालू. मी म्हटलं, 'शालूसाठी. तिकडं भांड्यांत तिची टिकंना. म्हणून कुठली टिकती ते लावून बघतोय.' आकाराम हसायला तोंड उघडून तसाच राहिला. चिंतामण सर जिलेबीच्या पातेल्यात बघायला लागले. मग मागून आपली शेजारची रंगूबाई काठी टेकत पुढं आली, माझा हात हातात घेऊन एकेक बोट वळवून बघितलं आणि म्हणाली, 'मग टिकली का कुठली?'

मी म्हटलं, समद्याच.

त्या दुपारी आपल्या सोप्यावर बायका आल्या. रंगूबाई आली, भामाबाई आली, सरांच्या मिसेस आल्या (त्यांनी न्यूडची बाटली उचलली आणि माझ्याकडं बघितलं नाही), आणखी कोण कोण. मॅट का ग्लॉसी यावर अशी भांडणं लागली की ग्रामसभेतही लागत नाहीत. भामाबाईचं म्हणणं, ग्लॉसीचा टवका लगेच दिसतो. सरांच्या मिसेसचं म्हणणं, वरून बिनरंगी टॉप कोट मारला की टवका पडतच नाही. रंगूबाईला मी म्हटलं, तुमाला कुठला? ती म्हणाली, 'मी कवाच लावली न्हाई रं. तो चमकीचा लाव.' तिच्या दाही बोटांना सोनेरी ग्लिटर मी स्वतः लावली, आता माझा हात बसलाय. ती पायरीवर दोन्ही हात उन्हात धरून बसली. सगळ्यांनी तुझी चौकशी केली. मोठं पातेलं फळीवरून खाली काढलं, तू गेल्यापासून ते उतरलं नव्हतं. चहा जरा गोड झाला, माप चुकलं, एवढ्या माणसांचा अंदाज राहिला नाही.

धारांची वेळ झाली तशा सगळ्या उठून गेल्या. दार उघडंच ठेवलं होतं, पण कुणी परत आलं नाही. मी सगळ्या कपबश्या गोळा करून मोरीवर नेल्या आणि राखेनं घासायला बसलो. घासून उठलो आणि हात पुसून बघतो तर मरूनचं टोक गेलेलं, वाईनचा पापुद्रा सुटलेला, मॅट निम्मी. आठवडाभर ज्याला काही झालं नाही, विळीलाही ज्यानं दाद दिली नाही, ते एका बैठकीत उडालं. तेव्हा मला साक्षीचं बोलणं कळलं. माझी टिकली, कारण मला घासायला एक ताट आणि एक तांब्या. तुझी दोन दिवसांत जाते, ती काय रंग हलका म्हणून नाही.

तर मरून ग्लॉसी आणि सोबत टॉप कोट याच पाकिटात पाठवतो आहे. फुटू नये म्हणून माझ्या जुन्या मफलरीत गुंडाळलंय. मरूनच लाव, तुझ्या हाताला तीच शोभेल. पृथ्वीराजला पापा, विश्वजीत आणि शिवांजलीला आशीर्वाद. इकडची काही काळजी करू नकोस, माझं छान चाललंय.

तुझा,
लालासाहेब

ता. क. : ऊस संक्रांतीआधीच कारखान्याला गेला. फोनवर सांगितलं नाही. आता मागं राहिलेल्या बुडख्यांना, खोडव्याला, पाणी द्यायला आकाराम तयार आहे, मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं.

ता. क. दुसरा : शिवांजली पोरी, तू हे वाचतेयस हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरी जागा कमी आहे, विश्वजीत म्हणाला होता. मला चटई पुरते. फौजेत लंगरवर होतो, पन्नास जणांची भांडी उरकायचो, तुमची काय चार माणसांची. फक्त घासताना शेजारी कुणीतरी उभं राहून बोललं पाहिजे.

ता. क. तिसरा : शालू, दिवाळीत तू 'या की इकडं' म्हणाली होतीस आणि मी 'ऊस जाऊ दे, मग बघू' म्हणून फोन ठेवला होता. ते परत एकदा म्हणून बघ. शिवांजलीसमोरच म्हण, म्हणजे मला नाही म्हणता येणार नाही.