माझा देह मसाकाला नेऊ नये

लिहून ठेवणार सिमेऑन काटो मुगालुला, वय वर्षे पंचावन्न, धंदा कवळ्या व कृत्रिम दात बनवणे, मूळ राहणार मसाका, युगांडा, हल्ली राहणार सिडनहॅम, दरबान, दक्षिण आफ्रिका.

कारणे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि या क्षणी घरात माझ्यावर दडपण आणणारे कोणी नाही. ओमारा मागे केळींना पाणी घालतो आहे. मूत्रपिंडे मात्र कामातून गेली आहेत. मला यंत्राला जोडून रक्त धुऊन घेतात, आणि अलीकडे घरी परतल्यावर बूट काढायचाही कंटाळा येतो. डॉक्टरबाई सभ्य आहेत, काही बोलत नाहीत. मी दात बनवणारा आहे. माणसाने तोंड कशासाठी मिटले ते मला कळते.

मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचे सगळे स्वतः शिकलो. हा मजकूर वकिलाला दाखवला. त्याने एक स्वल्पविराम हलवला. तो मी परत जागेवर आणला आहे.

१. यापूर्वी कंपालात असताना मी एक मृत्युपत्र केले होते. ते माझा जुळा भाऊ वास्वा याच्या पेटीत आहे. ते रद्द समजावे. त्यात डेनिस ओमारा यांचा उल्लेख ‘मागच्या खोलीतील भाडेकरू’ असा आहे. आमच्याकडे मृत्युपत्र दफनाच्या दिवशी सगळ्या कुळासमोर मोठ्याने वाचतात, त्यामुळे दुसरे काही लिहिण्याची सोय नव्हती. ओमारा त्या खोलीत एक दिवसही राहिलेला नाही. तिथे प्लास्टरची पोती असत.

२. डेनिस ओमारा, मूळ राहणार लिरा, हे माझे पती आहेत. या देशाच्या कायद्याने दरबानमध्ये आमचे लग्न लागले, दाखला कपाटाच्या वरच्या खणात आहे. लग्न लावणाऱ्या बाईंनी विचारले, “अंगठ्या आणल्यात?” ओमारा म्हणाला, “याने बनवल्यात, दातांच्या धातूच्या.” बाई म्हणाल्या, “चावत नाहीत ना?” आयुष्यात पहिल्यांदा आमच्याबद्दल कोणी आमच्या तोंडावर साधा विनोद केला. म्हणून लिहून ठेवतो.

३. बँकेत जे असेल ते, फ्रिज, शिलाई मशीन, दोन्ही खाटा आणि मागच्या अंगणातील केळी, सर्व ओमाराला. केळींची जमीन घरमालकीणबाईंची आहे, पण झाडे आमची आहेत, हे त्यांना मान्य आहे. घरमालकीण श्रीमती सरस्वती गोवेंडर यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिले तर ते बाद होते. म्हणून भिंतीवरचे घड्याळ मी त्यांना आधीच दिले. ते चार मिनिटे पुढे जाते. त्यांनी ते दुरुस्त करू नये, चुकीच्या माणसाच्या हाती पडेल.

४. हत्यारे: मेण कापायच्या सुऱ्या, घासायची चाके आणि वरचा-खालचा जबडा बसवून पाहायचे पितळी बिजागरीचे यंत्र, ही सर्व माझ्याबरोबर काम करणाऱ्या थांडेका यांना. त्या माझ्याइतक्याच कटकट्या आहेत, त्यामुळे हत्यारे सुखात राहतील. कंपालातील ज्या दंतवैद्याने माझ्या कवळ्या स्वतःच्या म्हणून खपवल्या, त्याचे नाव मी इथे लिहिणार होतो. आता लिहीत नाही. तो गेला, असे ऐकतो. कवळीसकट पुरले असेल तर माझे काम त्याच्या तोंडात आहे, तेवढे मला पुरे.

५. मसाकाच्या जमिनीतील माझा वाटा वास्वाची मुलगी प्रोस्कोविया हिला द्यावा. मुलीला जमीन नको असे कुळातील वडीलधारे म्हणतील. त्यांच्यापैकी निम्मे जण माझ्या दातांनी बोलतील. वास्वाला मी काही देत नाही. त्याची कवळी त्याच्याकडे आहेच. आम्ही जुळे, तोंडवळा एक, म्हणून मी पहिली कवळी स्वतःच्याच जबड्याच्या साच्यावरून बनवली होती. ती त्याला बसली नाही. तो लहानपणापासून डाव्या बाजूने चावतो, हे माझ्या लक्षात नव्हते. दुसरी नीट बसली. तीच घालून तो दर रविवारी चर्चमध्ये आमच्यासारख्यांच्या विरोधात प्रवचन देतो. ‘स’ अगदी स्पष्ट येतो, असे प्रोस्कोविया सांगते.

६. आता देशांविषयी लिहितो, म्हणजे पुढचे कलम का लिहिले ते कळेल.

कंपालात आमच्या वस्तीच्या अध्यक्षाने एकदा सकाळी येऊन सभ्यपणे सांगितले, “मुगालुला, मला काही माहीत नाही. पण ज्यांना माहीत आहे, ते शनिवारी येणार आहेत.” आम्ही शुक्रवारी निघालो. बस चुकली, कारण ओमारा आमच्या मेलेल्या कुत्र्याच्या खड्ड्यापाशी बसून राहिला. पुढची बस मिळाली. हा त्याचा स्वभाव आहे आणि तो पुढच्या कलमाशी संबंधित आहे.

पहिल्यांदा किगाली निवडले. तिथे आमच्याविरुद्ध कायदा नव्हता. बाजूनेही नव्हता. रस्ते स्वच्छ, शेजारी गप्प. पण मसाकाची बस तिथे येते. वास्वा त्या बसने आला आणि बरोबर एक विधवा बाई घेऊन आला, माझ्यासाठी. बाई चांगली होती. तिला मी दोन दात बसवून दिले आणि परतीच्या बसमध्ये बसवले.

मग मी नीट निवडायला बसलो. असे काम उरकण्यातले नाही, असे माझे मत. कुठे लग्न लागते, कुठे लागलेले मानतात, आजारपणात रुग्णालय कोणाला आत सोडते, मेल्यावर घर कोणाचे होते, हे सगळे विचारून घेतले. पोर्तुगालमध्ये कायदा उत्तम, पण ते पेन्शनचा पुरावा मागत. दात बनवणाऱ्याला पेन्शन कोण देणार? केप व्हर्देत समुद्र आहे, पाणी नाही. मोझांबिकचा विचार केला. तिथला जुना कायदा तेव्हा अजून पुस्तकात होता. वापरत नाहीत, असे सगळे म्हणत. न वापरलेली सुरीसुद्धा सुरीच असते. ओमारा सहा महिने हे ऐकत होता. एक दिवस म्हणाला, “तू देश निवडतोयस की दात? जिथं तिथं फटी बघतोस.”

“मग तू सांग,” मी म्हणालो.

“केळी येतील असा बघ. आणि म्हातारपणी एका बाकावर बसता येईल असा.”

असा एकच निघाला. दरबानला केळी येतात. बाकही आहेत, आम्ही त्यांवर बसलो आहोत. इथे एक पोलीस आमच्या शेजारी येऊन बसला, मटण भरलेला पाव खाल्ला आणि निघून गेला. मी ओमाराकडे बघितले, ओमाराने माझ्याकडे. तो दिवस चांगला होता.

पण जी फट मी पाहिली नव्हती, ती इथे निघाली. मी सगळीकडे एकच प्रश्न विचारत होतो, दोन पुरुष चालतील का? चालले. परदेशी चालतील का, हे विचारायचे राहिले. ज्या वर्षी माणसे काठ्या घेऊन गल्लीत आली आणि परदेशी लोकांची दुकाने फोडू लागली, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचे म्हातारे न्ग्वाने बाबा फुटपाथवर उभे होते. आमच्या लग्नाला आले होते, नाचलेही होते. मी म्हणालो, “बाबा, तुम्हीसुद्धा?”

ते म्हणाले, “मुला, तुमच्या लग्नाचं मला काही नाही. देवाशप्पथ काही नाही. पण तुम्ही बाहेरचे. आमच्या पोरांना काम नाही.”

त्यांनी काठी उचलली नाही, हेही नमूद करतो. गोवेंडरबाईंनी आम्हाला त्यांच्या देवघरात लपवले आणि बाहेर कुलूप लावून दारापुढे उभ्या राहून जमावाला शिव्या दिल्या. तेव्हापासून ओमारा नकाशा काढून बसतो. तो सत्तेचाळीसचा आहे, त्याच्यापुढे पुष्कळ आयुष्य आहे, त्याने जावे. मला आता कुठलाच देश नको. चांगल्यातला चांगला दाखवला तरी मी म्हणेन, तिथे जिने किती आहेत ते आधी सांगा.

७. हे मुख्य कलम आहे. माझा देह मसाकाला नेऊ नये.

आमच्या कुळात माणूस कुठेही मेला तरी त्याला आणून बापजाद्यांच्या शेजारी पुरतात. परक्या मातीत सोडून येणे म्हणजे त्याला कोणी नव्हते असे जाहीर करणे. मी हे मानतो. मानत नसतो तर हे कलम लिहिताना एवढा वेळ लागला नसता. गेल्या महिन्यात वास्वाचा फोन आला. प्रोस्कोवियाकडून आजारपण कळले असणार.

“काटो,” तो म्हणाला, “तुझं ते जे काय आहे ते राहू दे तिकडे. तू मात्र घरी ये. आईच्या उजव्या बाजूला जागा ठेवलीय. कबरीसाठी चुनाही आणून ठेवलाय.”

“इतक्या लवकर? भिजेल तो.”

“ताडपत्रीखाली आहे. आणि हे बघ, त्याला सांग, शवपेटीबरोबर येऊ नकोस.”

“तो येणारच.”

मग त्याचा आवाज प्रवचनाचा राहिला नाही. “मग माझ्या हातात काही नाही रे. तुमच्याविरुद्धचा नवा कायदा आल्यापासून पोरं कोणाचं ऐकत नाहीत. माझंही नाही.”

मी ओमाराला विचारले, नसते विचारले तरी उत्तर माहीत होते. “पेटी एकटी विमानात कशी जाईल?” तो म्हणाला. “पायऱ्यांवर आपटतील. मी जाणार.”

म्हणून मसाका नाही. मला तिथे पुरतील आणि त्याला तिथे मारतील, हा हिशोब माझ्याकडून होणार नाही.

इथेही पुरू नये. दरबानला माझी कबर झाली तर ओमारा दरबान सोडणार नाही. कुत्र्याच्या खड्ड्यापाशी बसलेला माणूस तो. काठ्या पुन्हा येतील आणि तो कबरीवरचे गवत काढत बसलेला असेल.

हे सगळे मी गोवेंडरबाईंना सांगितले, कारण ओमाराला सांगवत नव्हते. त्या वांगी चिरत होत्या.

“मग जाळा,” त्या म्हणाल्या.

“आंटी, आमच्याकडे माणूस जाळत नाहीत. चोर सापडला तर जमाव टायर घालून जाळतो. तेवढंच.”

“आमचे गोवेंडर काय चोर होते? नीट जाळले. अर्धे उमगेनी नदीत सोडले, अर्धे कपाटात आहेत. थोरला ऑस्ट्रेलियाहून येईल तेव्हा तो नेईल.”

“कपाटात?”

“मग? कोरडं असतं तिथं.”

त्या रात्रभर मी जागा होतो असे लिहिणार नाही, औषधांमुळे झोप येते. पण सकाळी ठरले होते. वास्वाला कळवले. तो म्हणाला, जुळ्यांतला एक गेला तर आपण मेला म्हणत नाही, उडाला म्हणतो. पण उडाल्यावर हाडे तरी ठेवून जा, मी शेजारी काय पुरू? मी म्हणालो, तुझ्या जबड्याचा साचा आहे माझ्याकडे, तो पाठवतो. त्याने फोन ठेवला. साचा आईच्या उजव्या बाजूला पुरला तर माझी हरकत नाही. जन्मताना जबडा तर एकच होता.

सबब, माझा देह विजेच्या भट्टीत जाळावा. धर्मविधी करू नये, भाषणे करू नयेत. राख ओमाराच्या हाती द्यावी. ती त्याने वाटेल तिथे टाकावी, बाळगण्याची सक्ती नाही. पुढचा देश त्याने निवडावा, आणि माझ्यासारखा इतका वेळ लावू नये.

८. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील करतील. फी ठरलेली आहे, ती वाढवू देऊ नये.

दुरुस्ती. वरील मजकूर सही करण्याआधी ओमाराला वाचून दाखवला. सातव्या कलमापाशी तो उठून मागे गेला. केळींना सकाळीच पाणी घातले होते, तरी पुन्हा घातले. परत आल्यावर म्हणाला, “जाळा. तुला हवं तसं कर, नेहमीसारखं. पण ते एक वाक्य खोड.” मी म्हणालो, मृत्युपत्रात खोडाखोड चांगली दिसत नाही. तो म्हणाला, “मग सगळं पुन्हा लिही.” पुन्हा लिहिण्याचे माझ्यात त्राण नाही. म्हणून सातव्या कलमातील ‘ती त्याने वाटेल तिथे टाकावी, बाळगण्याची सक्ती नाही’ हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. त्या जागी ओमाराच्या सांगण्यावरून, त्याच्याच शब्दांत, ‘तो माझ्याबरोबर येईल’ असे वाचावे; यातला ‘तो’ म्हणजे मी. खोडलेल्या जागी मी व दोन्ही साक्षीदारांनी एकमेकांसमक्ष आद्याक्षरे केली आहेत.

सही: सिमेऑन काटो मुगालुला

साक्षीदार:
(१) सरस्वती गोवेंडर, घरमालकीण
(२) इस्माईल मूसा, औषधविक्रेते, शेजारी

दोघांनीही मला सही करताना पाहिले आहे आणि मी दोघांना.

ठिकाण: सिडनहॅम, दरबान
तारीख: १७ ऑगस्ट २०२४