उद्या पिंजऱ्यात उतरायचं आहे

क्लाइनबाय, बुधवार

प्रिय आई,

तुझ्या प्रार्थनेच्या आधाराने मी सुखरूप आहे. तुझा गुडघा कसा आहे? डोरोथिया सरपण फोडून देते ना?

उद्या मी पांढरा शार्क पाहायला पिंजऱ्यातून पाण्यात उतरणार आहे. इतकी वर्षं बोटीवरून दोरीला माशाचं डोकं बांधून मी त्याला बोलावतो, पण मला दिसते ती फक्त त्याची पाठ. शनिवारी चर्चमधल्या मोठ्या मुलांना पिंजऱ्यातून खाली न्यायचं आहे. त्यांनी विचारलं, "एफ्राइमकाका, तुम्ही खाली गेलाय ना?" मला खोटं बोलवेना.

पिंजऱ्याची प्रत्येक सळई मी स्वतः ठोकून पाहिली आहे. रबरी पोशाख पोटावर जरा घट्ट होतो, एवढंच. परसातल्या पिंपात डोकं बुडवून मी श्वास रोखायचा सराव करतो, तर शेजारची सॅना कुंपणावरून ओरडते, "अहो, बाप्तिस्मा एकदाच पुरतो!" कप्तान म्हणतो, "माशाच्या पोटातून योना तीन दिवसांनी बाहेर आला. तुला मी जेवणाच्या आत काढतो."

माझी आमिषाची दोरी उद्या बोटीवरून नवा सोबती विलेम धरेल. आमिष पिंजऱ्याच्या दिशेने ओढायचं नाही, नाहीतर शार्क पिंजऱ्यावरच आदळतो, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगितलंय. आज झोपण्यापूर्वी अजून एकदा सांगेन. माणूस चांगला आहे, फक्त घाई करतो.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी वर येऊन कॉफीही प्यायलेलो असेन. म्हणून आई, आता माझ्यासाठी देवाकडे काही मागू नकोस. नुसते आभार मान.

तुझाच,
एफ्राइम