सोर्खाची चूल

३ मे १९५८
आज पोचले. खिडकीतून समुद्र दिसतो, खाली काळतोंड्या मेंढ्या चरतात, आणि घरमालकीण एफीबाईंच्या चुलीत पीटचा, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा, विस्तव अखंड. नकाशासाठी या पॅरिशमधली जुनी नावं आणि पडकी घरं टिपायला आले आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे शाळेतून निवृत्त झालात तरी हजेरी घेणारच, आता दगडांची. खूप हसलो. माझी आजी इथलीच, हे मात्र मी सांगितलं नाही.

७ मे
नियम असा, की प्रत्येक नावाला तीन साक्षीदार हवेत. सव्वीस नावं पक्की झाली. ओढ्यापलीकडे चार पडक्या भिंती आहेत. एफीबाई म्हणतात, ती सोर्खाची चूल. म्हातारा मेंढपाळ लाखलनही तेच म्हणाला. शंभर वर्षांपूर्वी जमीनदाराने मेंढ्यांसाठी घरं रिकामी केली, तेव्हा सोर्खा ओली बाळंतीण होती. कारभाऱ्याच्या माणसाने तिच्याच घरातलं दूध तिच्या पेटत्या चुलीवर ओतलं. चूल विझली की घर संपलं. पहाटेपर्यंत बाळ गारठून गेलं. त्या माणसाचं नाव घेतलं तर तोंड धुवावं लागेल, असं लाखलन म्हणाला.

तिसरं कोणी उरलेलं नाही.

उरलं आहे. मला आजीने सांगितलं होतं. तो माणूस डंकन, तिचे वडील.

९ मे
वहीत लिहिलं : मेंढवाडा, बिननावाचा. नियमापुढे इलाज नाही, असं एफीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचा नियम काय आणि त्या माणसाने ओतलेलं दूध काय, एकच हो बाई. गप्प राहणं हेही खोटंच, असं कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या. वही टपालाने नकाशा कचेरीकडे गेली.

१० मे
सकाळी चूल विझलेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. राखेत दूध. मांजराने सांडलं असेल, असं मीच म्हटलं. मांजर चुलीजवळ फिरकेना.

१२ मे
दुपारी लाखलनकडे चहाला गेले. मी बसले आणि त्याची चूल फसफसून विझली. राख पांढरी, ओली. त्याने दार तेवढं उघडून धरलं.

१३ मे
भर दुपारी त्या भिंतींतून धूर. एफीबाईंना दिसत नाही. रडणं ऐकू येतं. कोकरू असेल. पण मेंढ्या तर सगळ्या वरच्या कुरणात —

१५ मे
एफीबाई बहिणीकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, तुमची हनुवटी तुमच्या आजीची, पहिल्याच दिवशी ओळखली. वाट पाहत होते, मास्तरीणबाई, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून.

१६ मे
कचेरीला दुरुस्तीचं पत्र. साक्षीदार तिसरी — मी. शाई वाळत नाही. कागदावर दूध ठिबकतंय. छतातून नाही, माझ्या खांद्यामागून —

लिहिते, बाई. थांब. सोर्खाची चूल. ती विझवली —

त्याचं नाव लिहवत नाही. आजीचे वडील ते —

सोर्खाला लिहिता येत नव्हतं. म्हणून माझा हात धरून ती त्याचं नाव —