सासऱ्यांचा लॅपटॉप

२ जुलै, बुधवार. दुपार.
गुन्हेगार सापडला. लॅपटॉप!
लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही. नंदिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या नॉर्मल. बायको दवाखान्यात नर्स असली की तिला वाटतं, आपल्याला सगळंच कळतं. आज डबा भरताना म्हणाली, आता तुमची टेस्ट करा, काऊन भेता? मी भीत नाही, अभ्यास करतो. माझ्या ऑनलाइन सेवा सेंटरवर फॉर्म भरायला कोणी आलं नाही, तेव्हा दोन तास इंटरनेटवर अभ्यास केला. वाय-फायच्या लहरी मांडीवरच्या लॅपटॉपमधून थेट पुरुषाच्या नाजूक भागात शिरतात. परदेशात उंदरांवर प्रयोग झालेत. प्रिंटआउट काढले. माझ्या टेबलावर प्रिंटर, त्यामुळे सासऱ्यांनी लग्नात दिलेला लॅपटॉप चार वर्षं माझ्या मांडीवर. म्हणजे दोष माझा नाही, माझ्या कष्टांचा आहे.
अख्ख्या गडचांदुरात हे फक्त मला कळलंय. त्या आनंदात एक खर्रा खाल्ला.

४ जुलै, शुक्रवार.
नंदिनीचा पोळ्यांचा फॉइल रोल घेतला, पाटाला गुंडाळला. पाट मांडीवर, लॅपटॉप पाटावर. लहरी आल्या पावली परत. पानठेल्याचा लहानूभाऊ खर्रा द्यायला आला आणि पाहून हसतच सुटला. म्हणे, संघपाल, पोया गरम ठेवून राह्यला का बे? अडाणी माणूस. पण खर्रा घोटावा तर त्यानेच. सुपारी बारीक, तंबाखू कडक, चुना मापात.

९ जुलै, बुधवार.
पाटाने भागणार नाही. लॅपटॉप पूर्ण फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात बंद केला. कामं मोबाईलवर. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, करू देत. त्यांना झालीत पोरं.
लॅपटॉपची बॅग रिकामी पडली होती. प्रिंटआउट ठेवले. चार्जरच्या कप्प्यात खर्र्याच्या पुड्या छान मावतात.
संध्याकाळी शेजारच्या जुबेरला सांगितलं, तुझा वाय-फाय भिंतीतून आमच्याकडे येतो, बंद कर. त्याचा राऊटर त्याच्याच पलंगाच्या बरोबर वर. म्हणाला, भाई, मंग माह्या घरी हे चार कुठून टपकले? चारही पोरं तिथेच उड्या मारत होती. विज्ञानात अपवाद असतात. जुबेरला ते समजावणं म्हणजे वेळ घालवणं.

१३ जुलै, रविवार.
समोरची रंभाबाई नातवाच्या बारशाचं सांगायला आली. आईला ये म्हणाली. नंदिनी तिथेच उभी होती, तिला ये म्हणाली नाही. रंभाबाई गेल्यावर आई म्हणाली, बोलावनार कशी? चार वर्सं झाले, हिच्यातच खोट हाये.
नंदिनीने भांडी घासली. सगळी घासून झाल्यावर घासलेलीच परत घासली. मग मला म्हणाली, तुमी आईले एक डाव सांगा ना, का माह्या सगळ्या टेस्टा बरोबर हायेत. मी म्हटलं, योग्य वेळी सांगतो. आईला बीपी आहे. डोक्याला ताप नको म्हणून दोन खर्रे.

२१ जुलै, सोमवार. भामरागड.
शरीर शुद्ध करायला आलो. आयटीआयचा दोस्त चैतू इथला. नदी पुलावरून चाललीय, रस्ता बंद, मोबाईलचा टॉवर बंद. लोक वैतागलेत. त्यांना कळत नाही, अशी शुद्ध हवा पैसे देऊन मिळत नाही.

२३ जुलै, बुधवार.
पुड्या संपल्या. इथल्या ठेल्यावरचा मालही संपलाय. डोकं ठणकतंय, हात थरथरतात, झोप नाही. चैतूच्या आईने प्रेमाने भात वाढला, तिच्यावर खेकसलो. हीच ती लक्षणं! चार वर्षांचं रेडिएशन शरीरातून बाहेर पडतंय. चैतू म्हणाला, खर्रा नाई भेटून राह्यला म्हणून होते तुले. चैतू आयटीआयमध्येही ढच होता.

२५ जुलै, शुक्रवार.
रस्ता सुटला. आलापल्लीला एसटी थांबली तेव्हा लागोपाठ दोन खर्रे. पंधरा मिनिटांत लक्षणं गायब. रेडिएशन संपलं!

२९ जुलै, मंगळवार.
नंदिनी म्हणाली, या हप्त्यात टेस्ट नाई केली तं मी वरोऱ्याले जातो, माह्या बाबाकडं. धमकीची गरजच नव्हती. मीच तयार होतो. आता शरीर शुद्ध आहे, रिपोर्ट पाहून डॉक्टर चाट पडणार.

४ ऑगस्ट, सोमवार. चंद्रपूर.
नंदिनीबरोबर रिपोर्ट घ्यायला आलो. डॉक्टर अदीबा. माझ्याहून लहान असेल. काउंट फार कमी आहे म्हणाली, शुक्राणूंची हालचालही कमी. मी शांतपणे दहा मिनिटं रेडिएशन समजावलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, गरम लॅपटॉप मांडीवर नकोच, टेबलावर ठेवा. वाय-फायबद्दल अजून कोणी पक्कं सांगू शकत नाही. मग विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, कधीमधी. आणि तिचं अज्ञान दूर करायला प्रिंटआउट बॅगेतून उपसले. त्यांच्याबरोबर पुड्या आल्या. तिच्या टेबलावर नऊ.
डॉक्टरने त्या माझ्याकडे परत सरकवल्या. म्हणाली, याचं मात्र पक्कं सांगता येतं. आजपासून बंद, तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. आशा चांगली आहे.
नंदिनी हसली. किती दिवसांनी! परतीच्या एसटीत म्हणाली, खर्रा सुटंल हळूहळू, मी हाये ना. फकस्त घरी गेल्यावर आईले सांगा, नंदिनीत दोष नाई. मले दुसरं काईच नाई पायजे.
सांगतो म्हटलं. एक तर वाक्य.

५ ऑगस्ट, मंगळवार.
सकाळी आईने विचारलं, काय म्हने डाक्टरीन? नंदिनी दारात उभी होती, हातात चहाचा कप. वाक्य तयार होतं. आई माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हणालो, लॅपटॉपमुळे झालं.
आई म्हणाली, मंग मी काय म्हनत होती? हिच्याच बापानं देल्ला तो!
हे असं वळेल हे कोणाला माहीत? दुरुस्त करणारच होतो. तेवढ्यात नंदिनी आत गेली. माझी बॅग पलंगावर उलटी केली, पुड्या तिथेच ठेवल्या, बॅगेत स्वतःचे कपडे भरले. कपाटातून लॅपटॉप काढला, त्यावरचं फॉइल सोललं, तोही घेतला. म्हणाली, बाबाचा हाये. अकराच्या गाडीने वरोऱ्याला गेली.

७ ऑगस्ट, गुरुवार.
घरात लॅपटॉप नाही. वाय-फायही नाही, जुबेरने पासवर्ड बदलला. रेडिएशन शून्य. प्रयोग यशस्वी झाला म्हणायला हरकत नाही.
तीन दिवस झाले, एकही खर्रा नाही. डोकं ठणकतंय. आता ते रेडिएशन नाही हे मलाही कळतं. नंदिनीशिवाय करमत नाही. इथे लिहायला काय, कोण वाचतंय?
दुपारी तिला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, आईले सांगतलं का? मी म्हटलं, उद्या नक्की. तिने फोन ठेवला.
आई येऊन बाजूला बसली. पाठीवरून हात फिरवून म्हणाली, नको जीव जाळू बाबू, लहानूकडून खर्रा आणू का तुह्यासाठी?
आत्ताच सांगून टाकू असं ठरवलं. दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या, दोष नंदिनीत नाही आणि खर्रा नको.
आण म्हणालो.